घरच्या घरी एस्प्रेसो : यंत्राआधी दळण

लग्नाच्या स्वागतसमारंभात पूर्वी एक कोपरा हमखास गर्दीचा असे. तेथे एका चकचकीत यंत्राच्या नळीतून वाफ फुसफुसत असे, वाढपी स्टीलच्या भांड्यातील दूध त्या वाफेखाली धरून त्यावर फेस आणीत असे आणि कोकोची चिमूट भुरभुरून कप आपल्या हाती देत असे. त्या गोड, फेसाळ पेयाला आपण सारेच ‘एस्प्रेसो कॉफी’ म्हणत आलो. वस्तुतः त्यात असे ती पाण्यात विरघळणारी तयार कॉफी, साखर आणि वाफेने तापविलेले दूध. एस्प्रेसो या नावाने जगभर जी वस्तू ओळखली जाते, ती त्यात नसेच.

हा भेद मला उमगला तो बराच उशिरा. माझ्या साठीच्या निमित्ताने मुलाने एस्प्रेसोचे एक यंत्र घेऊन दिले. पहिल्याच दिवशी आम्ही घरात असलेली फिल्टर कॉफीची पूड त्यात भरली. यंत्र घरघरले, चार थेंब गळले आणि सारे थांबले. दुसऱ्या दिवशी दुकानातून निराळी पूड आणली, तर पाणी दहा सेकंदांत धो धो वाहून गेले आणि कपात आंबट, पांचट काढा तेवढा उरला. आठ-दहा प्रयत्नांनंतर यंत्र खोक्यात गेले आणि खोके माळ्यावर. मुलगा दूरध्वनीवर विचारी, “बाबा, कॉफी कशी होते?” आम्ही “छान होते” असे म्हणून वेळ मारून नेत असू. पुढे दिवाळीला तो घरी येणार असे कळले, तेव्हा मात्र खोके खाली काढणे भाग पडले आणि यंत्राबरोबर कॉफीचाही नीट अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासाचे सार असे, की यंत्रात कोणताही दोष नव्हता. दोष आमच्या समजुतीत होता. एस्प्रेसोचे यश यंत्राच्या किमतीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते बियांच्या ताजेपणावर आणि दळणावर अवलंबून असते. हे आधी कळले असते, तर एक वर्ष व बरीच कॉफी वाया गेली नसती. आपल्यापैकी कोणी असे यंत्र घेण्याच्या विचारात असतील, किंवा कोणाच्या माळ्यावर ते आधीच विसावले असेल, तर त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

एस्प्रेसो म्हणजे नेमके काय?

एस्प्रेसो हे कॉफीच्या बियांच्या जातीचे नाव नाही अथवा भाजण्याच्या प्रकाराचेही नाही. ती कॉफी काढण्याची एक रीत आहे. बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट थरातून सुमारे ९० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मोठ्या दाबाने थोड्या सेकंदांत पार करणे, एवढीच तिची व्याख्या. या इटालियन शब्दात ‘दाबून काढलेली’ हा अर्थ आहे, तसाच ‘खास मागणीवरून, तत्काळ केलेली’ हाही आहे.

या रीतीचा उगम इटलीतला. तूरीन शहरातील आंजेलो मोरियोंदो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलान येथील लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेक कप स्वतंत्रपणे काढून देणाऱ्या यंत्राची रचना केली आणि देझिदेरियो पाव्होनी यांनी ते हक्क विकत घेऊन अशी यंत्रे बाजारात आणली. परंतु ही यंत्रे वाफेच्या बळावर चालत. वाफेचा दाब वाढवावा तर पाणी अधिक तापे आणि कॉफी करपल्यासारखी कडू लागे. या अडचणीतून वाट काढली ती आकिले गाजिया यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी आणलेल्या यंत्रात तरफेने दट्ट्या दाबून पाण्यावर दाब दिला जाई. दाब आणि उष्णता यांची अशी फारकत झाल्यावर कपात प्रथमच सोनेरी, दाट फेसाचा थर दिसू लागला. त्यालाच ‘क्रेमा’ म्हणतात. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई-६१’ या यंत्राने हाताच्या तरफेची जागा विजेच्या पंपाला दिली. आजची बहुतेक यंत्रे याच मार्गाने आलेली आहेत.

दाब किती, याची कल्पना आपल्या स्वयंपाकघरातूनच येईल. शिटी होण्याच्या बेतात असलेल्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरील हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असतो. एस्प्रेसोसाठी लागतो तो सुमारे नऊ बार, म्हणजे कुकरच्या नऊपट. म्हणूनच कुकरच्या वाफेने दूध फेसाळता येईल, पण एस्प्रेसो निघणार नाही. कुकरच्या तोंडाशी नळ्या जोडण्याचे घरगुती प्रयोग तर कोणीही करू नयेत. ते जिवावर बेतू शकतात. यंत्राच्या खोक्यावर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते, त्यानेही भारावून जाण्याचे कारण नाही. तो पंपाचा कमाल जोर झाला. कॉफीला हवा असतो तो नऊ बारच.

बी आणि भाजणी

कॉफी परकीय वाटली, तरी तिचे बी आपल्या भूमीत रुजून शतके लोटली. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने हजयात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरनजीकच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. ते डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. देशातील कॉफीचे सर्वाधिक उत्पादन कर्नाटकात होते आणि त्याखालोखाल केरळ व तमिळनाडू यांचा क्रम लागतो. विशेष म्हणजे भारतीय कॉफीच्या मोठ्या ग्राहकांत इटली गेली अनेक वर्षे अग्रस्थानी आहे. इटालियन एस्प्रेसोच्या मिश्रणांत आपल्या रोबस्टा बियांना मान आहे, कारण त्यांनी कॉफीला दाटपणा आणि टिकाऊ क्रेमा येतो. अरेबिका बी सुगंधी, किंचित आंबूस आणि सौम्य असते. रोबस्टा कडक असून तिच्यात कॅफिनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. दुधाची कॉफी आवडणाऱ्यांनी अरेबिकात थोडी रोबस्टा मिसळलेले मिश्रण घ्यावे. दुधातही त्याची चव हरवत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत पावसाळी वाऱ्यावर मुरवलेली ‘मान्सून मलबार’ ही बीही एस्प्रेसोसाठी नावाजलेली आहे. दमट हवेने ती फुगते, फिकट पिवळसर होते आणि तिचा आंबटपणा मावळतो.

बिया विकत घेताना पाकिटावर भाजणीची तारीख पाहावी. भाजताना बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू साठतो आणि दाबाखाली पाण्यात उतरलेला हाच वायू कपात आल्यावर क्रेमाच्या रूपाने वर येतो. भाजणीनंतर पहिले काही दिवस तो वायू फार जास्त असतो. साधारण आठवडाभराने बी स्थिरावते आणि पुढील चार-पाच आठवडे उत्तम राहते. जुन्या बियांतून वायू निघून गेलेला असल्याने यंत्र कितीही महाग असले तरी क्रेमा येत नाही. बिया हवाबंद डब्यात, उजेड व उष्णता यांपासून दूर ठेवाव्यात. शीतकपाटात रोज आत-बाहेर करू नये, कारण त्यांना ओल धरते व शेजारच्या पदार्थांचा वास लागतो.

आमच्या पहिल्या फजितीचे कारण होते चिकोरी. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टर पुडीत भाजलेल्या चिकोरीच्या मुळांची पूड मिसळलेली असते. आपल्याकडील नियमांनुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. फिल्टरमध्ये चिकोरीने काढा दाट व गडद होतो, ते योग्यच आहे. परंतु ती पाण्यात झटकन विरघळून चिकट होते आणि एस्प्रेसोच्या गाळणीत पाण्याची वाट बंद करते. एस्प्रेसोसाठी शंभर टक्के कॉफीच घ्यावी.

खरी किल्ली : दळण

गिरणीत दळण देताना आपण पोळीसाठी बारीक आणि लाडवासाठी रवाळ असे आवर्जून सांगतो. पीठ तेच, पण पोत चुकला की पदार्थ बिघडतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. कॉफीचे अगदी असेच आहे. एस्प्रेसोत पाण्याला अडवणारी एकच गोष्ट असते व ती म्हणजे पुडीचा थर. पूड जाड असेल तर पाणी अडल्याविना वाहून जाते आणि आंबट, पाणचट कॉफी मिळते. फार बारीक असेल तर पाणी तुंबते आणि नको तो कडवटपणाही उतरतो. योग्य पूड बारीक मिठाहून थोडी बारीक, बोटांच्या चिमटीत किंचित खरखरीत लागणारी असते. पण बीप्रमाणे, भाजणीप्रमाणे, इतकेच नव्हे तर पावसाळी हवेप्रमाणेही ती थोडी बदलावी लागते. बाजारातून तयार पूड आणली की हा बदल करण्याचे स्वातंत्र्यच आपण गमावतो.

दुसरा मुद्दा ताजेपणाचा. बदलीच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षे म्हैसूरला होतो. शेजारच्या वयोवृद्ध मामी दर आठवड्याला कॉफीच्या दुकानात जाऊन समोर दळून घेतलेली पावभर पूड आणीत. एकदम किलोभर का आणीत नाही, असे माझ्या पत्नीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पुडीचा वास गेला की डबा भरलेला असून काय उपयोग?” तेव्हा ते बोलणे आम्ही ऐकून सोडून दिले. अख्ख्या बीचा सुगंध आठवडे टिकतो. दळलेल्या पुडीचा काही तासांतच ओसरू लागतो, कारण दळल्यावर हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. ताज्या कुटलेल्या वेलदोड्यात आणि महिनाभर बाटलीत पडलेल्या वेलदोड्याच्या पुडीत जो फरक, तोच येथे.

घरातील मिक्सर या कामाला पुरा पडत नाही. त्याचे पाते बिया तोडते, दळत नाही. त्यामुळे काही कण पिठासारखे, तर काही रव्यासारखे राहतात. कॉफीच्या खास चक्कीत जात्याच्या दोन दगडांप्रमाणे दोन दातेरी चकत्या असतात व त्यांतील अंतर कमी-जास्त करता येते. हाताने फिरवायची चांगली चक्की विजेच्या चक्कीपेक्षा स्वस्त पडते आणि दोघांपुरत्या कॉफीला पुरेशी असते. मात्र ती एस्प्रेसोइतके बारीक दळते ना, हे विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष कृती

यंत्र कॉफी काढण्याआधी निदान पंधरा मिनिटे तापू द्यावे. पोर्टाफिल्टर म्हणजे मूठ असलेली धातूची गाळणी. ती यंत्राला लावलेलीच ठेवावी, म्हणजे तीही तापते. कप गरम पाण्याने ऊन करून घ्यावा. गाळणीतील चाळणीच्या आकाराप्रमाणे १४ ते १८ ग्रॅम बिया मोजाव्यात. येथे १६ ग्रॅमचे उदाहरण घेऊ. ग्रॅमच्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा अवश्य घ्यावा. चमच्याचे माप येथे फसवे ठरते.

बिया दळून पूड गाळणीत घालावी, गुठळ्या मोडून ती सर्वत्र सारखी पसरावी आणि दाबण्याच्या ठोकळ्याने, म्हणजे टॅम्परने, सरळ व घट्ट दाबावी. जोर किती लावला यापेक्षा पातळी सपाट आहे की नाही, हे महत्त्वाचे. शेताच्या बांधाला कोठे भगदाड पडले तर सारे पाणी तिकडूनच धावते. तसे पुडीचा थर एका बाजूला कच्चा राहिला, तर पाणी तेथूनच निसटते आणि बाकीची पूड कोरडी राहते.

आता गाळणी यंत्राला बसवून कप काट्यावर ठेवावा, काटा शून्यावर आणावा आणि कळ दाबून घड्याळ लावावे. १६ ग्रॅम पुडीतून सुमारे ३२ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरावी. प्रथम काही सेकंद काहीच येत नाही, मग मधासारखी दाट, गडद धार लागते आणि हळूहळू ती सोनेरी होते. धार फिकट पांढुरकी होण्यापूर्वी थांबावे.

चव पाहून पुढील पाऊल ठरवावे. वीस सेकंदांच्या आत कप भरला आणि कॉफी आंबट लागली, तर पूड अधिक बारीक दळावी. चाळीस सेकंदांहून अधिक वेळ लागला आणि कडू, जिभेला कोरडे पाडणारी चव आली, तर थोडी जाड दळावी. एका वेळी एकच बदल करावा. वजन, दळण आणि वेळ तिन्ही एकदम बदलले की कशाने काय झाले ते कळत नाही. नवे पाकीट उघडल्यावर पहिले दोन-तीन कप या जुळवाजुळवीत जातात, हे गृहीत धरावे.

काही यंत्रांसोबत दुहेरी तळाची गाळणी येते. तिच्या तळाशी एकच सूक्ष्म छिद्र असते व तेच दाब निर्माण करते. तयार पुडीनेही तिच्यातून फेसाळ कॉफी निघते. नवशिक्याला ती सोयीची आहे. परंतु तो फेस छिद्राच्या करामतीचा असतो. चक्की घेतल्यावर एकेरी तळाची गाळणी वापरावी.

दुधाची बाजू

दुधाचा फेस टिकतो तो प्रथिनांमुळे. स्निग्धांशाने त्याला मखमली दाटपणा येतो, पण स्निग्धांश फार झाला की फेस कमी बसतो. आपल्याकडे पिशवीवर हे प्रमाण छापलेले असते. डबल टोन्ड दुधात १.५ टक्के, टोन्डमध्ये ३, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो. डबल टोन्डचा फेस भरपूर पण हलका येतो. फुल क्रीमचा थोडा पण जड. शिकण्यासाठी टोन्ड किंवा गाईचे दूध उत्तम.

येथे आपल्या सवयीत एक बदल करावा लागतो. पिशवीतील दूध पाश्चरीकृत असते. ते उकळून साय धरल्यावर फेसाळायला घेऊ नये. पिशवी थंड साखळीत राहिलेली असेल, तर शीतकपाटातील थंडगार दूध थेट वापरावे. गवळ्याकडील सुटे दूध मात्र उकळलेच पाहिजे. ते पूर्ण गार करून, साय गाळून घ्यावे.

स्टीलच्या चोच असलेल्या मगात तृतीयांश ते निम्मे दूध घ्यावे. वाफेच्या नळीतील साचलेले पाणी आधी क्षणभर वाफ सोडून काढून टाकावे. नळीचे टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवून वाफ सुरू करावी. कागद हळूच फाटावा तसा आवाज येतो. त्याच वेळी दुधात हवा शिरत असते. मग कोमट लागेपर्यंतच हे करावे, नंतर टोक थोडे खोल नेऊन एका कडेला धरावे, म्हणजे दूध भोवऱ्यासारखे फिरते आणि मोठे बुडबुडे मोडून बारीक होतात. मगाला हात लावून धरवेनासा झाला की साधारण ६० अंश झाले, असे समजून वाफ बंद करावी. ७० अंशांपुढे दुधाची गोडी कमी होते, उकळल्याचा वास येतो आणि फेस विस्कटतो. उकळते पेय पिण्याची आपल्याला सवय असल्याने प्रथम ही कॉफी ‘कोमट’ वाटेल. पण याच तापमानाला दूध साखरेवाचूनही गोड लागते. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा क्षणभर वाफ सोडावी, नाहीतर तिच्यात दूध वाळून बसते.

याच दोन घटकांतून सारी पेये बनतात. इटलीतील मान्य प्रमाणाप्रमाणे कापुचिनोत २५ मिलिलिटर एस्प्रेसो आणि १०० मिलिलिटर दूध फेसाळून १२५ मिलिलिटर केलेले असते. लाटेमध्ये दूध बरेच अधिक आणि फेसाचा थर पातळ असतो. इटलीत ‘लाटे’ याचा अर्थ नुसते दूध, हे प्रवासाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. माकियातो म्हणजे एस्प्रेसोवर दुधाचा केवळ एक ठिपका, आणि अमेरिकानो म्हणजे एस्प्रेसोत घातलेले गरम पाणी. आपल्या मराठी घरांत कॉफीत जायफळ घालण्याची जुनी रीत आहे. कापुचिनोच्या फेसावर कोकोऐवजी किसलेल्या जायफळाची चिमूट घालून पाहावी. ती तेथे परकी वाटत नाही.

यंत्र नसले तरी

सर्वांनीच यंत्र घ्यावे असे नाही. इटलीतील घराघरांत दिसतो तो मोका पॉट. अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्याने तो १९३३ मध्ये आणला. त्यातील दाब एक-दोन बारच असल्याने ती खरी एस्प्रेसो नव्हे, पण दुधासाठी पुरेशी कडक कॉफी त्यातून मिळते. खालच्या भांड्यात सुरक्षा झडपेच्या खालीपर्यंतच गरम पाणी भरावे, पूड न दाबता सपाट भरावी, मंद आचेवर ठेवावे आणि फसफस आवाज येताच उतरवावे. आपल्या शेगडीवर लहान पॉट कलंडतो, म्हणून खाली जाळी ठेवावी. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शन शेगडीवर तापत नाही.

आपला दक्षिणी फिल्टरही मुळीच कमी नाही. त्यात दाब नसतो, पाणी स्वतःच्या वजनाने संथपणे उतरते आणि पंधरा-वीस मिनिटांत दाट काढा जमतो. त्यात बाटलीत घालून जोराने हलवलेले किंवा छोट्या विजेरी रवीने घुसळलेले गरम दूध मिसळले, तर समाधानकारक कप होतो. येथेही नियम तोच, ताजी भाजणी आणि ताजे दळण.

खर्चाचा ताळेबंद

खरेदीपूर्वी थोडे गणित करावे. समजा, यंत्र व चक्की मिळून ३२,००० रुपये लागले. पाव किलो बियांना ५०० रुपये पडत असतील, तर १६ ग्रॅमचे ३२ रुपये झाले आणि दुधाचे सुमारे ८. म्हणजे घरचा कप ४० रुपयांचा. बाहेर हाच कप २०० रुपयांना मिळत असेल, तर प्रत्येक कपामागे १६० रुपये वाचतात आणि २०० कपांत खर्च भरून निघतो. आठवड्याला बाहेरचे तीन कप टळत असतील, तर त्याला सुमारे सव्वा वर्ष लागेल. पण हे गणित बाहेर कॉफी पिणाऱ्यांपुरतेच खरे. जे घरी चहा पीत होते ते आता एस्प्रेसो पिऊ लागले, तर ती बचत नव्हे. तो हौसेचा खर्च होय. हौसेलाही जागा असावी, फक्त ती ताळेबंदात बचतीच्या बाजूला मांडू नये.

पैसे मर्यादित असतील, तर क्रम उलटा लावावा. प्रथम ताज्या बिया, वजनकाटा आणि मोका पॉट किंवा फिल्टर. नंतर चांगली चक्की. आणि सहा महिने गोडी टिकली तरच यंत्र. महाग यंत्र आणि मिक्सरमधील पूड यांपेक्षा साधे यंत्र आणि चांगली चक्की केव्हाही श्रेष्ठ. परदेशी असलेल्या मुलांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टवर चालतात आणि आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा असतो. थेट जोडल्यास यंत्र जळते. दुरुस्तीची सोय आपल्या गावी आहे का, हेही विचारावे.

निगा आणि आरोग्य

कूपनलिकेच्या जड पाण्याने यंत्रात क्षार साचतात. गाळलेले, कमी क्षारांचे पाणी वापरावे. यंत्राच्या माहितीपत्रकात मुभा असल्यास दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्त्वाचे सौम्य द्रावण फिरवून नंतर स्वच्छ पाणी दोन-तीनदा सोडावे. गाळणी रोज धुवावी, कारण कॉफीचे तेल खवट होते.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवतींना २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चिंतेचे नाही. यात चहाही मोजावा. हृदयविकार, निद्रानाश अथवा आम्लपित्त असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. जेवणाबरोबर कॉफी घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते. म्हणून जेवण आणि कॉफी यांत तासाभराचे अंतर असावे.

आमच्या घरची गोष्ट सांगून थांबतो. माळ्यावरून खोके काढल्यावर आम्ही नवे यंत्र घेतले नाही. हाताने फिरवायची एक चक्की, एक काटा आणि चिकमगळूरच्या बियांची पावभराची पिशवी आणली. पहिले पाच कप बिघडले, सहावा जमला. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपल्यावर, थोड्या वेळाने मी मुलापुढे कापुचिनोचा कप ठेवला. वर्षभराची हकीकत मात्र सांगितली नाही. त्याने तो शांतपणे संपवला आणि विचारले, “बाबा, अजून एक होईल?” मी चक्कीत पुन्हा सोळा ग्रॅम बिया घातल्या. तेव्हापासून यंत्र ओट्यावरच आहे.